बाबांचे वजन घटते आहे, कोणती पावडर देऊ?

प्रश्न : ताई, माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गालाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आता रेडिएशनचे ३० शेक आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो ठरली असून ११ शेक झाले आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांचे वजन ६६ किलो होते, काल ५८ भरले. मांड्यांची कातडी लोंबते, संडासातून उठताना भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन वाढवा. मेडिकलमधून ९०० रुपयांचा ४०० ग्रॅमचा डबा आणला आणि त्यातली दोन चमचे पावडर रोज कपभर दुधातून देते. याशिवाय सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वाटीभर पातळ वरण व मऊ भात, रात्री पेज, एवढेच जाते. भाचा जिमला जातो; तो व्हे प्रोटीन, बीसीएए, क्रिएटिन आणि ग्लुटामिन आणू म्हणतो. शेजारच्या काकू म्हणतात, पावडरीने गाठ वाढते, दूध आणि गोड बंद करा. मामांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणि अश्वगंधा चूर्ण पाठवले आहे. बाबांना मधुमेहही आहे. नेमके काय द्यावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या पत्रात पावडरींची नावे बरीच आहेत, पण माझी नजर अडली ती भिंत धरून उठण्यापाशी. वजनाचा काटा चरबी, पाणी आणि स्नायू यांत फरक करत नाही. उठताना लागणारा आधार मात्र मांडीतले स्नायू गेल्याचे सरळ सांगतो, आणि तुम्ही ते नीट पाहिलेत. ६६ किलोंपैकी ८ किलो म्हणजे १२ टक्के वजन सहा महिन्यांत गेले आहे. कॅन्सरमधल्या झिजेची व्याख्या ठरवण्यासाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जो मापदंड मान्य केला, त्यात सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घट ही धोक्याची रेषा आहे. तुमचे वडील ती रेषा बरीच ओलांडून गेले आहेत, आणि शेकांचा सर्वांत अवघड काळ अजून पुढे आहे. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर पुढच्या शेकाची वाट न पाहता उद्याच रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांची वेळ मागा.

कॅन्सरमध्ये स्नायू दोन वाटांनी झिजतात. एका वाटेने आजार स्वतःच शरीरात दाह पेटता ठेवतो. त्या दाहाने भूक मरते आणि पोटात अन्न जात असतानाही शरीर स्नायूंतली प्रथिने मोडत राहते. याला कॅकेक्शिया म्हणतात, आणि नुसत्या खाण्याने ती पूर्णपणे उलटवता येत नाही. दुसरी वाट साध्या उपासमारीची आहे : जबडा उघडत नाही, तोंड आलेले असते, चव गेलेली असते, गिळताना दुखते, म्हणून अन्न आत जातच नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या दोन्ही वाटा एकत्र येतात, पण तुम्ही लिहिलेला दिवसाचा आहार पाहता तुमच्या वडिलांच्या बाबतीत दुसऱ्या वाटेचा वाटा मोठा दिसतो. हे मी दिलासा द्यायचा म्हणून लिहीत नाही. उपासमारीवर आपल्या हातात उपाय असतो, म्हणून लिहिते आहे.

आता त्या आहाराचा हिशेब मांडू. चहातले दूध आणि बिस्किटे यांतून दोन-अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ वरणाच्या वाटीत डाळ इतकी कमी असते की तिच्यातून चार ग्रॅम मिळाले तरी पुष्कळ. मऊ भाताचे तीन, कपभर दुधाचे पाच, पेजेचे फार तर दोन. पावडरीचे धरून बेरीज २० ग्रॅमच्या अलीकडेच थांबते, आणि ऊर्जा ६००-७०० कॅलरींच्या आसपास राहते. कॅन्सरच्या रुग्णांसाठी युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या ‘एस्पेन’ या संस्थेने जे मार्गदर्शन केले आहे, त्यानुसार वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि एक ग्रॅमहून अधिक, शक्य झाल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळायला हवीत. निरोगी प्रौढ भारतीयासाठी राष्ट्रीय पोषण संस्था ०.८३ ग्रॅम पुरेसे मानते, म्हणजे आजारपणात गरज घटत नाही, वाढते. ५८ किलोंच्या माणसाला १.२ ते १.५ ग्रॅमने हिशेब केला तर रोज ७० ते ८७ ग्रॅम प्रथिने आणि १४५० ते १७४० कॅलरी लागतात. घरातले सगळे मनापासून करत असतानाही तुमच्या वडिलांना गरजेच्या चौथाई प्रथिने आणि निम्म्याहून कमी ऊर्जा मिळते आहे.

या आकड्यांतला ऊर्जेचा आकडा आधी पाहावा, असा माझा आग्रह असतो, कारण बहुतेक घरांत सगळे लक्ष प्रोटीन या एका शब्दावर खिळलेले असते. चुलीला लाकूड कमी पडले की माणूस घरातली खुर्चीही मोडून जाळतो. शरीराचेही तसेच आहे. ऊर्जा कमी पडली की महागडी प्रथिनेसुद्धा जळणासाठीच वापरली जातात आणि स्नायूंपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून वरणावरचे तूप, सायीसकट दूध, शिऱ्याला लागणारे तूप, खिचडीत विरघळलेले लोणी हे सगळे सध्या तुमच्या वडिलांसाठी औषधाच्या बरोबरीचे आहे. कोलेस्टेरॉलची चिंता उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवता येते. त्यांना हृदयविकार असेल तर तेवढे डॉक्टरांना विचारून घ्या.

आता तुमच्या डब्याकडे येते. त्याच्या पाठीमागे १०० ग्रॅम पावडरीत किती प्रथिने आहेत, हे छापलेले असते. अशा सर्वसाधारण पोषण-पावडरींत तो आकडा बहुधा १५ ते २० असतो. तुमच्या डब्यावर १६ असेल असे धरू. एका चहाच्या चमच्यात सुमारे ५ ग्रॅम पावडर मावते, म्हणजे दोन चमच्यांत १० ग्रॅम पावडर आणि तिच्यात दीड ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने. अख्ख्या ४०० ग्रॅमच्या डब्यात ६४ ग्रॅम प्रथिने झाली, म्हणजे तो डबा एका दिवसात संपवला तरी तुमच्या वडिलांची त्या दिवसाची गरज भागत नाही. दर ग्रॅम प्रथिनांना १४ रुपये पडले. सात रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि ६० रुपये लिटरच्या दुधात ३२ ग्रॅम, म्हणजे सव्वा ते दोन रुपये ग्रॅम. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत डब्यातले प्लास्टिकचे माप पहिल्याच दिवशी पावडरीत बुडून दिसेनासे होते आणि मग घरातल्या चहाच्या चमच्याने पावडर दिली जाते. डब्यावर ‘दोन स्कूप’ छापलेले असते, हातात दोन चमचे असतात, आणि दोहोंत पाच-सहा पटींचा फरक असतो. डबा चाळून ते माप बाहेर काढा, आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा त्याचे वजन करून आणा.

या डब्यांना मी निरुपयोगी मात्र म्हणणार नाही. त्यांत प्रथिनांबरोबर ऊर्जा, जीवनसत्त्वे आणि क्षार ठरावीक प्रमाणात असतात, ते पातळ करता येतात आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीतून सहज जातात. तोंडाने काहीच घेता येत नाही अशा आठवड्यांत पूर्ण मापाने दिलेली संपूर्ण-पोषणाची पावडर खरोखर आधार देते. मधुमेह असल्यामुळे मधुमेहींसाठीचा प्रकार घ्या, कारण साध्या डब्यांत माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखाच चटकन रक्तात उतरणारा पिठूळ पदार्थ) आणि साखर बरीच असते. जेवणाचा पर्याय म्हणून पूर्ण ग्लास द्यायचा असेल तर डबा घ्यावा. दुधाला रंग येण्यापुरती चिमूटभर टाकायची असेल तर ते पैसे अंड्यांवर आणि दुधावर खर्च करणे बरे.

तुमच्या भाच्याने सुचवलेल्या चार वस्तूंपैकी एकीबद्दल मी त्याच्या बाजूची आहे, ती म्हणजे व्हे प्रोटीन. दूध फाडून पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरते, त्यातली प्रथिने सुकवून ही पावडर होते. तिच्यात १०० ग्रॅमला ७० ते ८० ग्रॅमपर्यंत प्रथिने असतात, ती लवकर पचते, आणि स्नायू बांधण्याची प्रक्रिया सुरू करणारे ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल (प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांपैकी एक) तिच्यात भरपूर असते. ज्याला चार घास जड जातात, त्याच्या छोट्या ग्लासात २० ग्रॅम पावडरीतून १५ ग्रॅम प्रथिने बसवता येणे ही मोठी सोय आहे. पण बाजारातल्या मालाबद्दल सावध राहा. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळपास ७० टक्के पावडरींवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले आढळले आणि सुमारे १४ टक्क्यांत बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. म्हणून जिममधल्या ओळखीच्या माणसाकडची सुटी पावडर नको. सीलबंद, बॅच क्रमांक व एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असलेली, आणि घटकांच्या यादीत व्हेखेरीज फारसे काही नसलेली साधी पावडर घ्या. वनस्पतींचे अर्क, ‘मसल ब्लेंड’, ‘इम्युनिटी मिक्स’ असे शब्द दिसले की ती बाजूला ठेवा, आणि डबा उघडण्याआधी त्याचा फोटो तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडांवर ताण पडतो, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारा आकडा, वाढलेले असेल तर प्रथिने किती द्यायची हे त्यांनीच ठरवायला हवे. मात्र अहवाल ठीक असताना केवळ भीतीपोटी प्रथिने कमी करू नका.

व्हे उकळत्या दुधात टाकली की रबरासारख्या गुठळ्या होतात, आणि सोललेल्या तोंडाला त्या बोचतात. आधी वाटीत तीन-चार चमचे गार किंवा कोमट पाणी घेऊन पावडर काट्याने फेटावी, गुळगुळीत झाली की कोमट दुधात मिसळावी आणि चहाच्या गाळणीने गाळून द्यावी. पहिले दोन दिवस निम्म्या मापाने सुरुवात करा. पोट फुगले किंवा जुलाब झाले तर व्हेचा आयसोलेट हा प्रकार घेऊन पाहा, त्यात दुधातली साखर अगदी कमी असते.

बीसीएए, म्हणजे तीन ठरावीक अमिनो आम्लांची पावडर, घेऊ नका. व्हेमध्ये आणि अंड्यात ती अमिनो आम्ले आहेतच, आणि स्नायू बांधायला केवळ ती तीन पुरत नाहीत, सगळी लागतात. क्रिएटिनलाही माझा स्पष्ट नकार आहे, आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे : कॅन्सरमध्ये त्याचा लाभ होतो असा भरवशाचा पुरावा नाही, उलट ते घेतल्याने रक्तातले क्रिएटिनिन मूत्रपिंड ठीक असतानाही वाढलेले दिसू शकते. सिस्प्लॅटिन द्यायची की थांबवायची, हे डॉक्टर दर आठवड्याला ज्या आकड्यावरून ठरवतात, तोच आकडा आपण घरी बसून गढूळ करायचा नाही.

ग्लुटामिनचे थोडे निराळे आहे. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये (गालाचा कॅन्सर यातच मोडतो) शेक आणि केमो एकत्र चालू असताना तोंड कमी यावे म्हणून ते तोंडावाटे देण्याची सूचना तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०२० साली आली आहे. स्नायूंसाठी मात्र पुरावा तोकडा आहे. तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी तोंडासाठी लिहून दिले तर जरूर घ्या, मांड्यांसाठी म्हणून विकत आणू नका. एचएमबी नावाच्या घटकाची जाहिरातही तुमच्या पाहण्यात येईल. एचएमबी, आर्जिनिन आणि ग्लुटामिन यांच्या मिश्रणाने २००२ साली एका लहान अभ्यासात आशा दाखवली होती. पुढे ४७२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, २००८ साली, तो लाभ सिद्ध झाला नाही. ज्या घराला अंडी, दूध, औषधे आणि जाण्यायेण्याचा खर्च भागवायचा आहे, त्याने या महागड्या डब्यावर पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

माशाच्या तेलाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच. केमो चालू असताना वजन घटणाऱ्या रुग्णाला ते देऊन पाहता येईल असे एस्पेनचे मत आहे, मात्र ते ठाम शिफारशीसारखे नाही, आणि अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेने पुरावा अपुरा ठरवला आहे. शिवाय अभ्यासांत जी मात्रा वापरली जाते ती रोज सुमारे २ ग्रॅम ईपीएची, म्हणजे माशाच्या तेलातल्या एका ओमेगा-३ प्रकाराची, आहे. बाजारातल्या हजार मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए असते १८० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ११ कॅप्सूल गिळाव्या लागतील. ज्याला पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येते त्याच्यावर हा भार टाकू नये. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीरात त्याचे ईपीए फारच थोडे होते. मासे चालत असतील तर बांगडा किंवा तारली वाफवून, काटे काढून, भातात कुस्करून द्या. त्यातून प्रथिनेही मिळतील.

मामांच्या पार्सलमधली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल शेक आणि केमो पूर्ण होईपर्यंत बंद ठेवा. हे मी काकुळतीने सांगते आहे, कारण ही चूक प्रेमापोटी होते आणि तिची किंमत मोठी असू शकते. रेडिएशन आणि केमो काही अंशी ज्या ऑक्सिडीकरणाच्या माऱ्याने पेशी मारतात, त्याच माऱ्यापासून पेशी वाचवण्याचे काम या गोळ्या करतात. डोके-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर झालेल्या एका कॅनेडियन चाचणीत ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांमध्ये, गोळ्या चालू असतानाच्या काळात, दुसरा नवा कॅन्सर होण्याचे प्रमाण अधिक आढळले. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही, केमोच्या काळात अशा गोळ्या घेणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. पपई, टोमॅटो, गाजर यांना हे लागू नाही; प्रश्न गोळीतल्या एकवटलेल्या मात्रेचा आहे. अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा तेही चूर्ण थांबवा, आणि घेतले असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी ज्यांच्या घरी कोणी कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी घेत असेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगते : फॉलिक ॲसिडने त्या औषधाचे दुष्परिणाम वाढतात आणि बऱ्याच पोषण-पावडरींत फॉलिक ॲसिड घातलेले असते, म्हणून डब्यामागची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही सुरू करू नका.

काकूंचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही, कारण ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. गाठीला साखर लागते हे खरे आहे. पण माणूस उपाशी राहिला तर गाठ उपाशी राहत नाही. रक्तातली साखर टिकवण्यासाठी शरीर स्नायू मोडून ती तयार करते, म्हणजे पथ्य माणसाला घडते आणि गाठीला नाही. गाठीला उपाशी मारणारा कोणताही आहार आजवर सिद्ध झालेला नाही. मधुमेहासाठी उसाची साखर, गूळ आणि सरबते आवरती घ्या, पण दूध, भात, खिचडी आणि फळे तोडू नका. उलटीसाठी केमोच्या दिवशी स्टेरॉइड दिले जाते, त्याने दोन-तीन दिवस साखर चढते. त्या दिवसांत उपास न घडवता साखर तपासून औषधाची मात्रा वाढवून घ्यावी.

आता प्रत्यक्ष ताट. मी सगळी मापे कच्च्या वजनाने देते, म्हणजे फसगत होणार नाही. सकाळी सातला २०० मिलि दुधात २० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर मिसळून द्या, त्यात १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. दहाला दोन अंडी तुपात अगदी मऊ भुर्जीसारखी, पण पूर्ण शिजवून, तिखट-मिठाचा मारा न करता. ती १२ ग्रॅमची. दुपारी ४० ग्रॅम मूगडाळ आणि ३० ग्रॅम तांदूळ यांची आटवल खिचडी, दोन चमचे तूप घालून घोटलेली, आणखी १२ ग्रॅम. वरण-भातात भात अधिक आणि डाळ नावाला असते, तो क्रम तुम्ही येथे उलटा करायचा आहे. चारला दीडशे मिलि दुधात २० ग्रॅम व्हे, म्हणजे २० ग्रॅम प्रथिने. रात्री ५० ग्रॅम पनीर किसून मऊ डाळ-भातात कालवले की १५ ग्रॅम, आणि झोपताना सकाळसारखेच दूध. बेरीज ८५ होते, ऊर्जा १५०० कॅलरींच्या वर जाते, आणि त्यातली व्हेची पावडर काढून टाकली तरी ७० ग्रॅम शिल्लक राहतात. अंडी चालत नसतील तर तितक्याच प्रथिनांसाठी २५ ग्रॅम सोयाबीन वड्या शिजवून, पिळून, मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटून खिचडीत घाला. गेले काही दिवस खाणे फारच तुटपुंजे असल्यामुळे ही मजल एकदम गाठू नका. चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवा आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा. दीर्घ अर्धपोटी माणसाला अचानक भरपूर अन्न दिले की हे क्षार धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.

हे सगळे कागदावर सोपे दिसते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंडाची साल निघू लागली की अवघड होऊन बसते. तेव्हा माणूस ‘नको’ म्हणतो ते हट्टाने नव्हे, वेदनेने. जेवणाच्या अर्धा तास आधी वेदनाशामक, जेवणाच्या तोंडावर डॉक्टरांनी दिलेले बधिरतेचे जेल, दिवसातून अनेकदा मीठ व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या चुळा, आणि अन्न कोमटाहून गरम नाही, अशी घडी बसवा. वेदना आवरल्याखेरीज दिलेली कोणतीही पावडर पेल्यातच राहते.

एवढे करूनही निम्म्याहून कमी अन्न जात असेल तर नाकातल्या नळीला उशीर करू नका. नळी घातली म्हणजे माणूस संपला, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे, आणि त्यापायी मी घरोघरी मोलाचे तीन-तीन आठवडे वाया जाताना पाहिले आहेत. गालाच्या कॅन्सरमध्ये ही नळी बहुतेकदा तात्पुरती असते. तोंड भरून आले की निघते. तिच्यामुळे शेकांत खंड पडण्याचा धोका कमी होतो, आणि या आजारात शेक अखंड चालणे फार महत्त्वाचे असते. नळी असतानाही घोट-घोट पाणी आणि गिळण्याचे व्यायाम डॉक्टर परवानगी देतील तितके चालू ठेवावेत, नाहीतर गिळायचे स्नायूही आळसावतात. नळीतून द्यायचे ते गाळून, हळू, पाठ उंच करून द्यावे, आणि प्रत्येक वेळी शेवटी स्वच्छ पाण्याने नळी धुवावी; व्हे नीट न फेटता घातली तर नळी हमखास तुंबते.

स्नायूंना प्रथिनांइतकीच कामाची गरज असते. पडून राहणाऱ्या माणसाने घेतलेली प्रथिने स्नायूंना पुरेशी उपयोगी पडत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या बिनहातांच्या खुर्चीवर वडिलांना बसवा, तुम्ही समोर उभ्या राहा, आणि त्यांना पाच वेळा उठबस करू द्या. सुरुवातीला हात धरून, नंतर हात छातीशी घेऊन. हे दिवसातून तीनदा, शक्यतो काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर तासाभराने. घरातल्या घरात दहा मिनिटे चालणे त्याला जोडा. मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा आखडतो, म्हणून हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणेच करावेत. ताप असेल, चक्कर येत असेल किंवा रक्ताचे अहवाल फार खाली गेले असतील त्या दिवशी विश्रांती.

भूक मुळीच नसेल तर डॉक्टरांना ओलान्झापिन या औषधाबद्दल विचारा. पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत पोट, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमोच्या काळात रोज अडीच मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत ते देऊन पाहिले गेले आणि भूक व वजन दोन्ही सुधारले. २०२३ साली ॲस्कोनेही आपल्या मार्गदर्शनात त्याला स्थान दिले. त्याने झोप येते आणि साखर वाढू शकते, तेव्हा मधुमेहात ते सुरू करायचे की नाही हे सर्वस्वी डॉक्टरांवर सोडा. भुकेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. त्यांनी भूक लागते आणि मांड्या आणखी झिजतात.

रक्ततपासणीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आकड्यावरून पावडरीचा गुण ठरवू नका. आजाराच्या दाहानेच तो उतरतो, म्हणून खाणे सुधारले तरी कित्येकदा तो हलत नाही आणि घर उगीच निराश होते. त्याऐवजी एक वही घाला. दर सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन लिहा. शिवणकामाच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. आशियाई पुरुषांत ३४ सेंटिमीटरखाली आकडा गेला की स्नायू कमी झाल्याची शंका घेतात, मात्र पायांवर सूज असेल तर हे माप फसवे ठरते. पाच उठबशींना किती सेकंद लागले तेही लिहा. आठवड्यात एक किलोहून अधिक घट झाली, पाणी गिळताना ठसका लागू लागला, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणलेला डबा टाकून देऊ नका. त्यातले माप शोधा, साखर किती आहे ते पाहा, आणि व्हे आणेपर्यंतचे हे तीन-चार दिवस चार वाजताच्या दुधात तीच पावडर छापलेल्या पूर्ण मापाने घाला.